फुटकी खोली

बैठक दहाची होती आणि बाबा साडेनऊलाच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये येऊन बसले होते. हातात वर्तमानपत्र होतं, पण पान काही उलटत नव्हतं. आजचा दिवस सरळ जायचा नाही, हे थोरलीने दारातूनच ओळखलं. बाबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, कारखाना आता ही मोठी लेकच चालवत होती. तरी ते आवारात शिरले की ओतकामापासून वरच्या ऑफिसापर्यंत सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. आज रविवार, यंत्रं बंद, त्यामुळे आवाज खाली आणायला थोरली एकटीच होती.

"चहा घेता?" तिने विचारलं.

"पाहुणे येऊ देत. महापौरबाई यायच्यात आणि आपण आधीच पिऊन बसलोय, हे बरं दिसेल का?"

महापौरबाई म्हणजे बाबांची सख्खी धाकटी बहीण, थोरलीची आत्या. घरच्या कार्यात बहीणभाऊ शेजारी बसून जेवत, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत. पण व्हॉल्व्हच्या या कारखान्यात आत्याने बत्तीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. एके काळी ती इथेच आराखडे काढायची. मग तिच्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती पालिकेच्या नळखात्यात नोकरीला गेली, एवढंच थोरलीने लहानपणापासून ऐकलं होतं. नळखात्यातून निवृत्त झाल्यावर ती निवडणुकीला उभी राहिली आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून महापौर झाली.

टेबलावर संमतीचं एक पत्र होतं. गेले आठ महिने आत्या त्या पत्रासाठी झिजली होती. नदीकाठचं बंद पडलेलं पंपिंग स्टेशन पालिका दुरुस्त करून देणार होती. तंत्रनिकेतनाचे मास्तर तिथे येऊन शिकवणार होते. शहरातल्या चार मोठ्या कारखान्यांनी प्रत्येकी एक मोठं यंत्र आणि आठवड्यातून दोन दिवस एक जाणता माणूस द्यायचा. दोन-तीन डोक्यांच्या छोट्या छोट्या नव्या कंपन्या तिथे येऊन आपले नमुने घडवतील, तपासतील, फोडतील. आणि जो नमुना टिकेल त्याचं पहिलं गिऱ्हाईक पालिका स्वतः. आधी दोन वॉर्डांच्या नळांवर लावून बघायचं, मग शहरभर. पालिका म्हणजे फाइल अडवणारं खातं अशी सगळ्यांची समजूत, पण या बाईने आयुक्तांना बोहल्यावर चढवलं होतं. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या कारखानदारांना तिने एका टेबलाशी आणलं होतं. कसं, ते तिलाच ठाऊक.

आता घोडं अडलं होतं ते इथे. बाकीचे तिघं, त्यांत गिअरच्या कारखान्याचे मालकही, म्हणाले होते, व्हॉल्व्हवाले करतील ते आम्ही करू. आणि व्हॉल्व्हवाल्यांच्या पत्रावर तीन सह्या लागत होत्या, थोरलीची, धाकट्याची आणि बाबांची. सोमवारी दुपारी तीनला पालिकेची सर्वसाधारण सभा. सह्या नाहीत तर प्रस्ताव बारगळणार, आणि अकरा नव्या कंपन्यांनी बंदराच्या शहरात जागा बघून ठेवल्या होत्या. थोरलीने तर तीन महिन्यांपूर्वी घरात कुणाला न विचारता आत्याला शब्द देऊन टाकला होता. गेल्या वर्षात कारखान्यातली चौदा हुशार माणसं शहर सोडून गेली होती. असंच चाललं तर दहा वर्षांनी यंत्रं असतील, पण त्यांच्यापाशी उभं राहून डोकं चालवणारं कुणी नसेल, ही भीती तिला रात्रंदिवस खायची. ती कुणाला बोलून दाखवायची नाही, एवढंच.

धाकटा आला तो बोलतच आला. विक्रीचं खातं त्याच्याकडे होतं आणि गप्प बसणं त्याच्या पगारात बसत नव्हतं.

"ताई, मी रात्रभर विचार केला. आपलं प्रेशर टेस्टिंगचं यंत्र शहरात एकमेव आहे. गिऱ्हाईक आपल्या दारात का थांबतं? त्या यंत्रामुळे. ते उचलून नदीकाठी ठेवलं की उद्या गिअरवाला पण व्हॉल्व्ह काढेल."

"गिअरवाल्यांचं वय अडुसष्ट. ते आता व्हॉल्व्ह काढायला बसणार?"

"त्यांचा जावई बसेल."

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तो जावई स्वतःचं पॅन्टचं बटण लावू शकत नाही." पण ते थोरलीच्या बाजूने बोलले की नुसती मजा केली, हे तिला कळलं नाही.

दहाला पाच कमी असताना आत्या आली. गाडी तिने लांबच थांबवली होती आणि कामगारांच्या छोट्या फाटकातून चालत आली. सोबत गिअरवाले, तेच उद्योजक संघटनेचे अध्यक्षही, दार भरून उरतील एवढे. आणि एक तिशीची बाई, पाठीवर सॅक, बुटांना चिखल. ती सेन्सरवाली. नळाच्या व्हॉल्व्हवर बसवायचं एक कडं ती आणि तिच्या दोन मैत्रिणी एका गॅरेजात बनवत होत्या. पाइप जमिनीखाली गळायला लागला की कडं तो आवाज ऐकतं आणि कळवतं.

आत्या दारातच थांबली. भिंतीवरचा रंग, छताची पत्र्याची पट्टी, कोपऱ्यातलं वॉश बेसिन, सगळीकडे तिची नजर फिरून आली.

"बेसिन तेच आहे, दादा."

"गळतं पण तसंच," बाबा म्हणाले. "नळखात्याकडे तक्रार केली होती. कुणी आलं नाही."

गिअरवाले एवढे मोठ्याने हसले की निम्मा ताण तिथेच उतरला. चहा झाला. धाकट्याने आपले मुद्दे मांडले, गिअरवाल्यांनी त्याला शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, मी पण आधी असाच ओरडत होतो. तुझ्या आत्याने मला विचारलं, तुमच्या कारखान्यात शेवटची नवी गोष्ट कधी निघाली? मी आठवायला लागलो. आठवता आठवता जेवायची वेळ झाली. मग म्हटलं, सही करावी."

धाकटा गप्प झाला नाही, पण त्याचा आवाज उतरला. मग सेन्सरवाली बोलायला लागली. तिला भाषण येत नव्हतं, ती सरळ सांगत गेली. सोळा कडी केली, सोळाही तडकली. टेस्टिंगसाठी दुसऱ्या शहरात पाठवायची, चार महिने वाट बघायची, आणि परत काय येतं, तर एका ओळीचं पत्र. नापास. का नापास, ते कुणी लिहीत नाही.

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आणलंय का एखादं?"

तिने सॅकमधून तडकलेलं कडं काढून टेबलावर ठेवलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, कडं नखाने टिचकावलं, उजेडात फिरवलं. तेवढ्यात त्यांचा चेहराच बदलला. सहा वर्षांत थोरलीने तो चेहरा बघितला नव्हता.

"पेचाच्या आट्यांच्या मुळाशी तडकतंय. कोपरा धारदार ठेवलाय तुम्ही. थोडा गोल करा, आणि पितळ बदला. हे आमचं चाळीस वर्षांपूर्वी फोडून झालंय."

सेन्सरवाली त्यांच्याकडे बघतच राहिली. "दीड वर्ष गेलं माझं यात," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं, तर कुणी सांगितलं का नाही?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते बाबांना जास्त लागलं. धाकट्याने कडं उचललं, आपल्या खिशातला पेन त्यात घालून फिरवलं आणि हळूच विचारलं, "हे आपल्या व्हॉल्व्हबरोबर जोडून विकता येईल का?" थोरलीला हसू आलं. विक्रीखातं आपल्या बाजूला आलं, हे तिला कळून चुकलं. दोन सह्या झाल्या म्हणायच्या.

"दादा," आत्या म्हणाली, "यंत्र तर हवंच. पण मला खरी हवी आहे ती फुटकी खोली."

फुटकी खोली कारखान्याच्या पाठीमागे होती, टेस्टिंगच्या शेजारी. आजोबांनी घालून दिलेला नियम होता. जो माल फुटला तो वितळवायचा नाही. त्याला तारेने पत्र्याची चिठ्ठी बांधायची, काय फुटलं, का फुटलं, कुणाच्या हातून. मालकाचा मुलगा असो की कालचा कामगार, सुटका नाही. चिठ्ठी लागल्याशिवाय माणूस पक्का होत नाही, असं ओतकामातले लोक अभिमानाने सांगायचे. सत्तर वर्षांचा फुटका माल तिथे रांगेने मांडलेला होता. बाहेरच्या माणसाला मात्र दार बंद.

"यंत्र म्हणजे नुसता लोखंडी खोका," आत्या म्हणाली. "फुटलं की नाही एवढंच ते सांगतं. का फुटलं ते त्या खोलीत आहे. गिअरवाले आपला रद्दी माल आणणार आहेत, बाकीचे दोघंही आणतील. सगळ्यांच्या चुका एका छपराखाली. नव्या पोरींनी आमच्याच चुका पहिल्यापासून का कराव्यात? त्यांनी त्यांच्या नव्या कराव्यात."

"यंत्र घ्या," बाबा म्हणाले. "माणूस घ्या, दोन घ्या. खोली नाही."

"का?" थोरलीने विचारलं.

"नाही म्हटलं ना."

गिअरवाल्यांनी खुर्ची मागे सरकवली. "मग मला विचार करावा लागेल. माझी लक्तरं मी चव्हाट्यावर मांडायची आणि तुम्ही आपली कुलपात ठेवायची, हे माझ्या भागीदारांना मी कोणत्या तोंडाने सांगू?"

आठ महिने, चार कारखाने, अकरा कंपन्या, आणि सगळं एका खोलीच्या दारापाशी येऊन अडलं होतं. आता गप्प बसून चालणार नव्हतं.

"बाबा, कारखाना माझ्याकडे सोपवलात ना? मग कारण तरी द्या. नुसत्या नाही-वर मी या लोकांना परत पाठवणार नाही."

बोलली ती आत्या, आणि अगदी सहज बोलली. "जाऊ दे गं. कारण मला माहीत आहे. दादा, तू असं कर. तो बारा इंची व्हॉल्व्ह बाजूला काढून ठेव आणि बाकीची खोली दे. मला चालेल."

बारा इंची व्हॉल्व्ह. थोरलीला तो डोळे मिटूनही दिसला असता, मधोमध फाटलेला, दाराशेजारी. बत्तीस वर्षांपूर्वी तो शहराच्या मुख्य नळावर फुटला आणि तीन वस्त्या दोन दिवस कोरड्या राहिल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जाडी कमी. आराखड्यातली चूक.' आणि खाली आत्याचं नाव. थोरली कामाला लागली तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी तिला तो दाखवला होता. हिच्यासारखं करू नकोस म्हणून.

"तुला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"बावीस मिलिमीटर मी स्वतःच्या हाताने लिहिले होते. फुटलेला व्हॉल्व्ह मी मोजला, अठरा भरला. साचेखात्यात तेव्हा तूच होतास. मला काय गणित येत नाही?"

सेन्सरवाली उठून बाहेर जायला निघाली. बाबांनी हाताने तिला थांबवलं. "बसा. तुम्हीच विचारलंत ना, सांगितलं का नाही म्हणून. ऐका आता." मग ते थोरलीकडे वळले. "धातू कमी पडत होता. माल द्यायला तीन दिवस होते. कारखाना कुणाच्या हाती द्यायचा ते आजोबा त्याच महिन्यात ठरवणार होते, आणि आराखडे तर हिचेच चांगले असायचे. मी चार मिलिमीटर काढले. टेस्टिंगला एकदाच दाब देऊन पास केलं. फुटल्यावर म्हणालो, आराखड्यातच अठरा होते."

"आणि आजोबांनी मानलं?"

"आराखड्याचा कागद सापडला नाही ना," आत्या म्हणाली. "माझाच गलथानपणा. नीट फाइल केला असता तर—"

"कागद मी भट्टीत टाकला."

आत्याच्या चेहऱ्यावरून थोरलीला कळलं की चार मिलिमीटर तिला माहीत होते, पण हे नव्हतं. बत्तीस वर्षं ती तो कागद आपणच हरवला म्हणून स्वतःला बोल लावत आली होती. तिने समोरचं पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला. मग पर्स बंद केली.

"मी रागावले नव्हते असं नाही, दादा. दहा वर्षं रागावले होते. मग नळखात्यात रोज बघायला लागले की हे चार कारखाने एकच चूक चारदा करतात आणि कुणी कुणाला सांगत नाही. राग तिकडे वळवला. आज इथे येताना वाटलं होतं, संपला." ती उठली. "पत्र उद्या बारापर्यंत पाठवा. नाही आलं तरी सभा व्हायचीच आहे."

ती गेली. गिअरवाले तिच्या मागोमाग गेले, जाताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. सेन्सरवाली आपलं कडं टेबलावरच विसरून गेली.

थोरलीला वाटत होतं की आपण ओरडावं. ती ओरडली नाही. "मला तुम्ही तोच व्हॉल्व्ह दाखवून शिकवलंत," ती म्हणाली. "लहानपणापासून मी आत्याची कीव केली. ती आमच्या घरी यायची, मला गणितं सोडवून द्यायची, आणि मी मनात म्हणायची, बिचारी, कारखान्यात हिला जमलं नाही."

"हं," बाबा म्हणाले.

"मला लाज वाटते, बाबा. तुमची वाटते आणि माझीही."

धाकट्याने सही केली. थोरलीने केली. पत्र तिने बाबांसमोर सरकवलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि चालत घरी निघून गेले. गाडीत बसवायला धाकटा मागे धावला, तर त्याला हातानेच परत पाठवलं.

सोमवारी बारा वाजले, पत्र नाही. बाबांचा फोन बंद. थोरलीने गिअरवाल्यांना कळवलं की दोन सह्या आहेत, तिसरीचं सांगता येत नाही. ते म्हणाले, "मी सभेला येतो. बघू काय होतं ते." मोठा माणूस. बोलणी फिसकटली की अंग काढून घेणारे कितीतरी असतात, हा येऊन पहिल्या रांगेत बसला.

तीनला आत्या अध्यक्षस्थानी येऊन बसली. काल रडली असेल तर चेहऱ्यावर खूण नव्हती. प्रस्ताव वाचला गेला, आयुक्तांनी पाच मिनिटांत तो समजावून दिला, आणि उताराच्या वस्तीचे नगरसेवक उभे राहिले. जाडजूड, पांढऱ्या मिशांचे, विरोधासाठी प्रसिद्ध.

"महापौरबाई, इमारत देऊ, वीज देऊ, सगळं देऊ. माझा एकच प्रश्न. हे कारखानदार एकमेकांना खरं सांगतील याला पुरावा काय? आणि व्हॉल्व्हवाल्यांचं तर पत्रच आलेलं नाही. म्हणजे तुमच्या घरचंच पत्र नाही."

सभागृहात खसखस पिकली. थोरलीने मान खाली घातली. तेवढ्यात प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. हातात घडी घातलेला कागद. बाबा.

"पत्र आणलंय," ते म्हणाले. "आणि पुरावाही."

सभेचे सचिव लगबगीने म्हणाले, "प्रेक्षकांना बोलता येत नाही. खाली बसा, आजोबा."

बाबा बसले नाहीत. आत्या त्यांच्याकडे बघत होती. तिने नुसतं 'नियम' म्हटलं असतं तरी पुरलं असतं, तिला कुणी काही म्हणालं नसतं. कालच्या नंतर तर थोरलीनेही म्हटलं नसतं. मग आत्याने माइक जवळ ओढला.

"सभागृहाची हरकत नसेल तर या गृहस्थांना दोन मिनिटं द्यावीत." तिने चारी बाजूंना नजर फिरवली. "हरकत नाही. बोला."

बाबांनी दोन मिनिटंही घेतली नाहीत. बावीस, अठरा, साचेखातं, भट्टी. कोणत्या तारखेला कोणत्या वस्त्यांचं पाणी गेलं. कुणाचं नाव पुढे केलं. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही. "त्या चुकीची चिठ्ठी आज सकाळी मी बदलली आहे," ते म्हणाले. "खोली उद्यापासून उघडी आहे. ज्याला बघायचंय त्याने यावं, पहिला माल दाराशीच आहे." पत्र त्यांनी सचिवांच्या हातात दिलं आणि तिथेच उभे राहिले, बसायचं त्यांना सुचलं नाही.

पांढऱ्या मिशांचे नगरसेवक अजून उभेच होते.

"मी तेव्हा नववीत होतो," ते म्हणाले. "आई दोन दिवस तीन मजले बादल्या चढवत होती. शिव्या आम्ही नळखात्याला घातल्या. पुढेही कितीतरी दिवस पाणी अपुरं यायचं, तेव्हा तिथे नुकतीच एक नवी बाई आली होती, ती टँकर घेऊन आमच्या गल्लीत यायची. तिलाही घातल्या." ते अध्यक्षांच्या खुर्चीकडे वळले. "महापौरबाई, आमच्या गल्लीतल्या त्या बाई तुम्हीच ना?"

आत्याने मान डोलावली.

"मग माझं मत प्रस्तावाच्या बाजूने," ते म्हणाले आणि खाली बसले.

हात वर झाले. सचिवांनी मोजले, पुन्हा मोजले, कागद अध्यक्षांकडे पाठवला. विरोधात कुणी नव्हतं. आत्याने निकाल वाचायला घेतला, पण पहिल्याच शब्दाशी थांबून तिने अजून उभ्या असलेल्या बाबांकडे बघितलं, आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.